विमानांच्या कसरती बघायला निघताना

भगिनींनो, हवाई दलाच्या कसरती बघायच्या म्हटलं की घरातली पोरंटोरंच काय, त्यांचे वडीलसुद्धा लहान होतात. त्यातून तिकीट नाही! मग ‘चला सगळेच’ असा हुकूम सुटतो आणि तयारी मात्र आपल्या वाट्याला येते. म्हणून आज थोडे त्या तयारीविषयी.

जाऊ नका, असे मी मुळीच म्हणणार नाही. बघण्यासारखेच असते ते. १९९६ साली सुरू झालेल्या ‘सूर्यकिरण’ पथकाची तांबडी-पांढरी नऊ विमाने एकमेकांना जवळजवळ खेटून उडतात, तेव्हा काळजाचा ठोका चुकतो. गडगडत जाणाऱ्या सुखोई विमानांतली बरीचशी आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बांधली गेली, हे मुलांना जरूर सांगा.

पण ६ ऑक्टोबर २०२४ चा रविवारही विसरू नका. हवाई दलाच्या ९२ व्या वर्धापनदिनानिमित्त चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर असाच फुकट कार्यक्रम होता, सकाळी अकरा ते दुपारी एक. लाखो माणसे लोटली. विमानांना काही झाले नाही, पण खाली पाच माणसे दगावली आणि कितीतरी जणांना इस्पितळात न्यावे लागले. डोक्यावर ऊन, प्यायला पाणी मिळेना आणि परतताना रस्ते नि स्टेशने तुडुंब भरलेली.

फुकट म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. नाटकाला तिकीट असते, तेव्हा खुर्च्या मोजलेल्या असतात. इथे खुर्ची नाही, सावली नाही आणि किती माणसे येणार हे कुणीच मोजलेले नाही. आपली सोय आपणच बघायची.

पहिली गोष्ट पाण्याची. मुलांना आपण पाणी पाजतो, स्वतः मात्र घोटभरही पीत नाही. कारण उघड आहे. बाईमाणसाने ‘जायचे’ कुठे? पण उन्हात तीन-चार तास तहान मारणे म्हणजे घेरीला आमंत्रणच. तेव्हा जागा निवडतानाच स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघा, मग आकाश. त्यात लाज कसली? यजमानांनाही स्पष्ट सांगा, की पुढची जागा नसली तरी चालेल, ही सोय हवी. माणशी निदान दोन लिटर पाणी घ्या. शिवाय एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा बरं का!) विरघळवून वेगळी बाटली भरा. कुणाला गळल्यासारखे वाटले, की तेच घोट-घोट द्या.

दुसरी गोष्ट, अगदी पुढे घुसायची गरजच नाही. विमाने आकाशात असतात, रंगमंचावर नव्हे! ओळखीच्या घराची कठडा असलेली गच्ची किंवा थोडे दूरचे झाड जास्त सुखाचे. मुंबईत जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर असा कार्यक्रम १२ ते १४ तारखेला तीन दिवस होता. असे असेल तेव्हा रविवार टाळून कामाचा दिवस गाठावा. आणि मुलांना एक गंमत सांगून ठेवा. जेट विमानाचा आवाज मागून येतो, म्हणून आवाजाकडे न बघता त्याच्या पुढे बघायचे.

तान्ह्या बाळाला नेऊ नका. तो आवाज कापसाच्या बोळ्याने अडत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाईंनाही उन्हात उभे करू नका. ‘आम्हाला घरी टाकून गेले’ असे वाटू नये म्हणून दूरदर्शनवर दाखवणार असतील तर त्यांना तो लावून द्या. आल्यावर मुलांकडून सगळे वर्णन ऐकवा.

लहान मुलांच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत मोबाईल लागत नाहीत, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आधीच ठरवा. कार्यक्रम संपताच सगळ्यांबरोबर धावू नका. सावलीत बसून डबा उघडा, तासाभराने निघा.

एवढे करूनही कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर ती साधी घेरी नव्हे, उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर ओले फडके फिरवून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि हो, सगळ्यांची काळजी घेताना दोन मिनिटे तुम्हीही मान वर करा. विमाने तुमच्यासाठीसुद्धा उडत असतात!