फराहबाग आणि आपले आळशी वाचन

मराठी समीक्षेला वाडा दिसला की लगेच ऱ्हास दिसतो. 'वाडा चिरेबंदी'नंतर तर ही सवयच जडली. दोष नाटकाचा नाही. कोणत्याही वास्तूचे प्रतीक करून मोकळे होणाऱ्या आपल्या वाचनाचा आहे.

अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, फराहबाग घ्या. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत १५८३ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या महालावर आपल्याकडे एकच ठरीव शब्दयोजना चिकटवली जाते: 'गतवैभवाचा मूक साक्षीदार'.

मूक? तलावाच्या मध्यभागी अष्टकोनी, दुमजली वास्तू. बाहेर उंच कमानी, आत घुमटाखालचे भव्य दालन. अवर्षणाच्या मुलखात महालाभोवती पाणी खेळवणे हा सुखाचा विचार होता, तसाच सत्तेचा उच्चारही होता. भिंती मात्र ओबडधोबड दगडाच्या. त्यांवर चुन्याचा गिलावा. आज पाणी आटले आहे, गिलावा ठिकठिकाणी गळाला आहे, आणि ते ऐश्वर्य कशावर उभे होते हे उघड दिसते. याहून स्पष्ट कोणी काय बोलावे?

व्हिक्टर ह्यूगोने १८३१ मध्ये नोत्र-दामवर कादंबरी लिहिली, तेव्हा प्रतीकाआधी त्याने दगड पाहिला होता. पुढच्याच वर्षी जुन्या वास्तू पाडणाऱ्यांविरुद्ध त्याने लेखणी उचलली. आपण उलटे करतो. ऱ्हासालाच एकदा सौंदर्य मानले की दुरुस्तीची मागणी करणार कोण?

'साक्षीदार' हा शब्द साहित्याच्या वर्गातून काही काळ हद्दपार करावा. साक्ष ऐकण्याचे कष्ट नकोत म्हणून तर आपण त्या साक्षीदाराला मूक ठरवले आहे.