पाहणे म्हणजे राखणे नव्हे

आपल्या नकाशाच्या पुस्तकात कॅनडाचे पान काढा. देशातील बहुतेक मोठी शहरे दक्षिण सीमेच्या आसपास ओळीने बसलेली दिसतील. तेथून बोट वर सरकवत न्या. प्रथम अरण्य लागते, मग झाडे खुरटत जाऊन संपतात व टुंड्राचा उघडा प्रदेश सुरू होतो, आणि त्याही पलीकडे बेटे व गोठणारा समुद्र. अगदी उत्तरेला हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. रस्ते फार थोडे, आणि एका वस्तीपासून दुसरी वस्ती पुष्कळदा शेकडो किलोमीटर दूर. अशा प्रदेशात काय चालले आहे हे दक्षिणेत बसलेल्या माणसाला कळावे कसे? कॅनडाचे अवकाशविज्ञान बऱ्याच अंशी या प्रश्नातून वाढले आहे.

उत्तरेत संदेश पाठवायचा तर रेडिओवाचून गत्यंतर नव्हते. दूर अंतरावर जाणाऱ्या रेडिओलहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन खाली येतात. पण ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशात हेच आयनांबर वारंवार बिघडते आणि रेडिओ मुका होतो. जमिनीवरून आयनांबराची खालची बाजू तेवढी तपासता येत असे. वरची बाजू तपासण्यासाठी कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी ‘अलुएट-१’ हा उपग्रह बांधला. अलुएट म्हणजे चंडोल पक्षी. २९ सप्टेंबर १९६२ रोजी अमेरिकेच्या अग्निबाणाने तो वर नेला. सोव्हिएत संघ व अमेरिका यांच्यानंतर स्वतः उपग्रह आखून बांधणारा कॅनडा हा तिसरा देश ठरला. या चंडोलाने दहा वर्षे काम केले.

पुढे १९७२ च्या नोव्हेंबरात ‘अनिक ए-१’ हा संदेशवहनाचा भूस्थिर उपग्रह गेला. अनिक हा इन्यूइट लोकांच्या भाषेतला शब्द. त्याचा अर्थ भाऊ. या भावाने दूरध्वनी व दूरचित्रवाणी उत्तरेच्या वस्त्यांपर्यंत पोहोचवली. १९९५ मध्ये ‘रडारसॅट-१’ आला. साधा कॅमेरा ध्रुवीय रात्रीत आंधळा असतो व ढगांपुढे हतबल होतो. रडार आपल्याच लहरी खाली सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपते. शांत पाणी आरशासारखे असल्याने लहरी तिरप्या दिशेने निघून जातात व चित्रात काळा डाग उमटतो. खडबडीत बर्फावरून लहरी विखुरतात, त्यांतल्या काही परत येतात व तो भाग उजळ दिसतो. अंधारात समुद्रबर्फाचा नकाशा काढता येऊ लागला तो असा. २०१९ मध्ये या कामासाठी तीन रडार उपग्रहांचा संच सोडण्यात आला.

हे सारे कौतुकास्पद आहे. आपल्या भूमीच्या गरजेतून प्रश्न निवडावा आणि त्याच्या उत्तरासाठी आकाशात जावे, हा धडा कोणत्याही देशाने घ्यावा. पण याच कौतुकातून एक चुकीची समजूत पसरते, आणि तिच्याविषयी मला आज तुमच्याशी बोलायचे आहे. उपग्रहाची नजर पोहोचली म्हणजे तेथील वन्यजीव सुरक्षित झाले, अशी ती समजूत. ‘उपग्रह करणार प्राण्यांचे रक्षण’ अशा धर्तीचे मथळे आपण वाचतो व निर्धास्त होतो. मला ही निर्धास्ती धोक्याची वाटते. का, ते एका कळपाच्या उदाहरणाने पाहू.

उत्तर अमेरिकेतील रेनडिअरला कॅरिबू म्हणतात. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात व नुनावुतमध्ये त्यांचा ‘बॅथर्स्ट’ नावाचा कळप आहे. हिवाळ्यात हे प्राणी दक्षिणेकडे, बर्फ उकरून शैवाक खातात. आपल्या मसाल्यातले दगडफूल हेही एक शैवाकच. वसंतात ते उत्तरेकडे निघतात, शेकडो किलोमीटर चालतात आणि जूनमध्ये उत्तर किनाऱ्याकडील टुंड्रावर माद्या पिले घालतात.

एवढ्या भटक्या प्राण्यांचा माग कसा काढायचा? १९९६ पासून या कळपातील काही माद्यांच्या गळ्यात उपग्रहाला संदेश देणारे पट्टे बांधण्यास सुरुवात झाली. त्या काळच्या पट्ट्यांचे तत्त्व तुमच्या ओळखीचे आहे. आगगाडीचे इंजिन शिटी वाजवीत जवळ येते तेव्हा सूर चढा लागतो, दूर जाताना उतरतो. उपग्रह डोक्यावरून जाताना पट्ट्यातील प्रेषकाची कंप्रता तशीच बदलते, आणि त्या बदलावरून प्राण्याचे ठिकाण काढता येते. जूनमध्ये कळप कोठे आहे हे पट्ट्यांवरून कळले की विमान तेथे जाऊन छायाचित्रे घेते आणि माणसे त्यांतील कॅरिबू मोजतात.

आता आकडे पाहा. १९८६ मध्ये या कळपात सुमारे ४ लाख ७० हजार प्राणी होते. १९९६ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास होते. २००९ मध्ये ३२ हजार राहिले, २०१८ मध्ये ८,२०० आणि २०२१ मध्ये सुमारे ६,२००. म्हणजे ३५ वर्षांत दर शंभरातले अठ्ठ्याण्णवांहून अधिक गेले. गळपट्ट्यांमुळे ते गेले असे कोणी समजू नये. त्यांची संख्या निसर्गतःच चढते व उतरते. त्यात लांडगे, शिकार, अरण्यातील वणवे, बदलते हवामान, खाणी व रस्ते यांची भर पडते. या मुलखात १९९८ पासून हिऱ्यांच्या खाणी चालू झाल्या. यांपैकी कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ही घसरण अंधारात झाली नाही. मोठा भाग तर उपग्रहाच्या डोळ्यांदेखत झाला. आपण ती पाहत होतो, मोजत होतो, आलेख काढत होतो.

मग पाहण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तोही याच कळपाने दाखवला. २०१५ पासून वायव्य प्रदेशाच्या सरकारने एक फिरते संरक्षित क्षेत्र आखले. पट्टे बांधलेले प्राणी जेथे असतील त्यांच्याभोवती रेषा काढायची, कळप सरकला की नकाशाही बदलायचा, आणि त्या रेषेच्या आत शिकार बंद. चालते-फिरते अभयारण्यच म्हणा ना! उपग्रहावाचून ही कल्पना अशक्य होती. परंतु रेषा कागदावर असते. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवरून खाणींकडे जाणारा रस्ता तयार होतो, त्यावरून शिकारी सहज येतात, आणि रेषेच्या आत बेकायदा मारलेले कॅरिबू वनरक्षकांना सापडले आहेत. रेषा आखणे उपग्रहाला जमले. ती पाळणे माणसालाच जमायला हवे.

आणि माणूस म्हणजे कोण? या भागात त्लीचो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कॅरिबू हे त्यांचे अन्न, त्यांचे कातडे, त्यांच्या कथा. प्राण्याच्या गळ्यात पट्टा अडकवणे हा त्याचा अनादर आहे, असे त्यांच्यातील वडीलधाऱ्यांनी पुष्कळदा बोलून दाखवले. २०१६ पासून त्लीचो सरकारने स्वतःचा निरीक्षणक्रम सुरू केला. उन्हाळ्यात वृद्ध व तरुण मिळून कॉन्टवॉयटो सरोवरापाशी तळ देतात, पायी फिरतात आणि कळपाजवळ बसून नोंदी घेतात. प्राणी अंगाने भरला आहे की वाळला आहे, लंगडतो आहे काय, आईबरोबर पिलू आहे काय, माश्या त्याला चरू देत आहेत की पळवत आहेत, लांडगे किती दिसले, हे सारे ते टिपतात. पट्टा सांगतो कॅरिबू कोठे आहे. तो कसा आहे, हे जवळ बसलेला माणूस सांगतो. विज्ञानाला दोन्ही नोंदी हव्यात.

यावर कोणी म्हणेल, “जे लोक शिकार करतात त्यांच्याच हाती राखण कशी सोपवायची?” हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. शिकारीनेही कळप घटतो, हे खरे. पण जेथे भाजीपाला पिकत नाही व दुकानातले अन्न फार महाग पडते, तेथे शिकारबंदीचा भार प्रथम त्याच लोकांच्या ताटावर पडतो. ज्याच्या ताटातला घास जातो त्याला निर्णयातही वाटा हवा. दूरच्या कार्यालयातून आलेला नकाशा त्याने निमूटपणे पाळावा ही अपेक्षा न्याय्य नाही, आणि व्यवहार्य तर मुळीच नाही.

अवकाशयंत्रांकडे भाबडेपणाने पाहू नये याचे आणखी एक कारण याच मुलखात घडले. २४ जानेवारी १९७८ रोजी ‘कॉसमॉस-९५४’ हा अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या बाजूला कोसळला. किरणोत्सर्गी तुकडे सुमारे ६०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखुरले. भर हिवाळ्यात शोध घ्यावा लागला. १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनडियन डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले. आणि गंमत पाहा: १९८२ च्या सप्टेंबरात ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या लहान विमानातील तीन माणसांचा ठावठिकाणा लागला तो ‘कॉसमॉस-१३८३’ या सोव्हिएत उपग्रहामुळेच! सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा व फ्रान्स यांनी मिळून उभारलेल्या शोधयंत्रणेने वाचवलेली ही पहिली माणसे. दोन्ही उपग्रह एकाच मालिकेतले. एकाने विष टाकले, दुसऱ्याने प्राण वाचवले. फरक पडला तो तो कशासाठी व कोणत्या जबाबदारीने सोडला यामुळे.

आपल्या कोकणातही हाच विचार लागू पडतो. जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारा प्रेषक बसवला आणि तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. त्या बातमीत उपग्रह पुढे होता. पण चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने व वेळासच्या गावकऱ्यांनी २००२ पासून वाळूतली घरटी राखली होती. वीस वर्षांची राखण आधी झाली, प्रेषक मागून आला. हा क्रम मला योग्य वाटतो.

तेव्हा उपग्रहांवर खर्च करू नये असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. रडारवाचून ध्रुवीय रात्रीतला बर्फ दिसणार नाही, पट्ट्यांवाचून कळपाची गणती करणारे विमान भरकटेल. पण वर डोळा बसवताना खाली हात कोणाचे, हे त्याच वेळी ठरले पाहिजे. वनरक्षकाचा पगार, तळावरच्या निरीक्षकाचे अन्नपाणी, गावकऱ्यांच्या सभा, खाणीला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार, या गोष्टी बातमीत चमकत नाहीत; तरी वन्यजीव टिकतात ते त्यांच्यावरच.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. उपग्रहाने प्राण्यांचा माग काढल्याची बातमी वर्गात वाचाल तेव्हा विद्यार्थ्यांकडून तीन प्रश्न फळ्यावर लिहून घ्या: ही माहिती कोणाकडे जाते? ती मिळाल्यावर कोण काय करू शकतो? आणि त्या प्राण्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बातमीत सहसा सापडत नाही. विद्यार्थी मित्रहो, ते शोधण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या.