पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा

जानेवारी लागला की रस्ता सुरक्षा महिन्याचे फलक चौकाचौकांत झळकतात. हेल्मेट घाला, पट्टा लावा, गाडी चालवताना मोबाइलवर बोलू नका. हे सगळे हवेच. पण त्यात मुख्यतः चालकाने स्वतःचा जीव कसा जपावा तेच सांगितलेले असते. त्याच्या गाडीसमोरून पलीकडे जाणाऱ्या कुटुंबासाठी क्वचितच एखादी ओळ असते.

संध्याकाळी नवीन पनवेलच्या कुठल्याही सेक्टरमध्ये बागेच्या फाटकापाशी उभे राहून पाहावे. एका हातात नातवाचे बोट, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन एखादी आजी झेब्रा पट्ट्यांच्या कडेला खोळंबलेली असते. समोरून येणारा मोटारवाला वेग कमी करत नाही, डिपर मारतो. ‘मी येतोय, तुम्ही थांबा’ हा त्याचा अर्थ आपल्याकडे पोराटोरांनाही कळतो. अखेर आजी पिशवी मनगटावर सरकवते, तळहात पुढे करते आणि जवळजवळ विनवणी करत दुभाजक गाठते. तिथून पुढे पुन्हा तेच. रस्ता पळतच ओलांडायचा असतो, एवढे मात्र नातू पक्के शिकतो.

कायदा नेमके उलटे सांगतो. २०१७ च्या मोटार वाहन (वाहनचालन) विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगपाशी चालकानेच वेग कमी करायचा, थांबायचे आणि पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. पुढे गाड्या तुंबल्या असतील तर पट्ट्यांवर गाडी उभी करायची नाही. मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेणे हेही चालकाचेच कर्तव्य. म्हणजे थांबणारा चालक आजीवर मेहरबानी करत नाही. जे तिचे आहे तेच तिला देतो.

आणि वेगाचा हिशेब तर कुणालाही पटावा असा आहे. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी साधारण १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० ने येणाऱ्याचा पाय तेवढ्या अंतरात जेमतेम ब्रेकवर पोचलेला असतो. चेंडूमागे धावत आलेल्या मुलासाठी हा फरक जगण्यामरण्याचा आहे. माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची मर्यादा हवी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने म्हटले ते याचसाठी. आपल्या देशात २०२३ साली रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली ३५ हजारांवर पायी चालणारी होती.

जुन्या पनवेलच्या गल्ल्या अरुंद आहेत, तिथे गाडीला आपोआप बिचकत जावे लागते. सिडकोने आखलेल्या वसाहतींत शाळा, बाग, बाजार पायी जाण्याच्या अंतरावर ठेवले, ही आखणी शहाणपणाचीच. पण रुंद, सरळ रस्ते पायाला भुरळ घालतात, ॲक्सिलरेटरवरच्या पायाला. त्यात पदपथ दुकानांनी आणि उभ्या दुचाक्यांनी अडवलेले असले की बाबागाडी रस्त्यावर उतरते. मोकळा पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. उपक्रम चांगला, पण पनवेलला एका दिवसाच्या सोहळ्यापेक्षा रोजची सवय हवी. १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेल्या आपल्या महापालिकेने शाळा आणि बागांच्या फाटकांसमोरची क्रॉसिंग पदपथाच्या उंचीची करावीत, म्हणजे गाडीला हळू व्हावेच लागेल. पट्टे पुसट होण्याआधी रंगवावेत आणि क्रॉसिंगलगत गाडी लावणाऱ्यांना दंड करावा. वाचकहो, आज घरी जाताना पट्ट्यांपाशी कुणी उभे दिसले तर डिपर मारू नका. गाडी रेषेच्या अलीकडे पूर्ण थांबवा आणि ते पलीकडच्या पदपथावर चढेपर्यंत हॉर्नला हात लावू नका.