बाहेरची वाट

कॅसलरॉकला राहणाऱ्या माणसाला वळणांचे अप्रूप नसते. येथून गोव्याकडे निघालेली गाडी करंझोळ, दूधसागर करीत कुळ्याला उतरते. उतार सदतिसास एक, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली. परत वर येणाऱ्या गाडीला मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. हा मार्ग १८८०च्या दशकात वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने बांधला, १९६१पर्यंत येथे जकातीची तपासणी होत असे, आणि १९९०च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. हे सारे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. वळणाविषयीची एक अगदी साधी गोष्ट मात्र मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळली, आणि तीही घरातल्या प्लायवूडच्या फळीवर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीची मुले आमच्याकडे आली. वाटेत पुण्याला कोथरूडमधले भाऊ जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय त्यांनी पाहिले होते. १९९८मध्ये सुरू झालेल्या त्या संग्रहालयाने पुष्कळ घरांतील आईबापांना खर्चात पाडले असावे. थोरल्या भाच्याजवळ खाचेतून धावणाऱ्या दोन विजेच्या मोटारी होत्या. त्यांचा प्लास्टिकचा रस्ता मोडून गेला होता. "मामा, आपण रस्ता करू या," असा धोशा त्याने लावला.

हा खेळ फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज गृहस्थाने १९५७मध्ये 'स्केलेक्ट्रिक' या नावाने बाजारात आणला. रस्त्यात एक खाच असते, मोटारीच्या पुढच्या अंगाची खुंटी तिच्यात उतरते. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या असतात, मोटारीखालच्या तारांच्या वेण्या त्यांवर घासत जातात आणि बारा व्होल्टचा प्रवाह पोटातल्या यंत्राला मिळतो. चालकाच्या हाती फक्त वेग. सुकाणू नाहीच, वळणावर लोभ झाला की मोटार खाच सोडून भिंतीवर आदळते.

आठ फूट बाय चार फुटांची एक फळी आणली. ती पाणी सहन करणारी घ्यावी, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही; आमच्या पावसात साधे प्लायवूड पापडासारखे फुगते. मधे सरळ रस्ता आणि दोन टोकांना अर्धवर्तुळे, असा लंबगोल आखला. बाहेरच्या खाचेची त्रिज्या ५० सेंटिमीटर, आतलीची ४१. बाहेर अकरा सेंटिमीटर काठ मोकळा सोडला, कारण वळताना मोटार शेपूट फेकते आणि त्या शेपटाला जागा लागते. मेस्त्रींनी राउटरने सात मिलिमीटर खोल खाच इतकी सफाईने काढली की तिच्याकडे मी उगीचच पाहत बसे. कोपरे घासणे, तांब्याची पट्टी सुरकुती न पडता वळवणे, दमट हवेने ती काळवंडली की पुसणे, यांत आठवडा गेला.

पहिल्या दिवसापासून धाकटी हरू लागली. थोरल्याने आतली खाच बळकावली होती. दहा फेऱ्यांच्या शर्यतीत ती नेहमी मागे पडे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामा, माझा रस्ता लांब आहे." मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडे."

तिने वाद घातला नाही. स्वयंपाकघरातून मामीकडची सुतळी घेतली, दोन्ही खाचांत बसवून कापली आणि दोन तुकडे माझ्यापुढे आणून टाकले. आतली पाच मीटर दोन सेंटिमीटर. बाहेरची पाच मीटर अठ्ठावन्न. दहा फेऱ्यांत ती पोर आपल्या भावापेक्षा जवळजवळ एक सबंध फेरी अधिक धावत होती! बाहेरचे वळण सैल असल्यामुळे तिथे थोडा अधिक वेग पेलतो हे खरे, पण त्याने नुकसान पुरते भरून निघत नाही.

शेजारी रेल्वेच्या गँगचे निवृत्त मुकादम राहतात. त्यांना बोलावले, तर ते हसूच लागले. "मास्तर, आमचे आयुष्य यातच गेले. वळणावर आतला रूळ पुढे धावतो, सांधे समोरासमोर राहत नाहीत. मग आत मधूनमधून तोकडा रूळ घालायचा." मी कागद घेऊन बसलो. दोन वाटांमधल्या अंतराला ६.२८ने गुणा, एका पूर्ण वेढ्यातला फरक तेवढाच. त्रिज्या कितीही असो! फळीवर नऊ सेंटिमीटरच्या अंतराला साडेछप्पन्न, आणि ब्रॉडगेजच्या दोन रुळांना सुमारे अकरा मीटर. लंबगोल मोठा केल्याने हा फरक लपतो. कमी होत नाही.

आणि मग पेन्सिल थांबली. पूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे व्यायामशिक्षक नव्हते, म्हणून क्रीडामहोत्सवाचे मैदान मीच आखत असे. दोनशे मीटरचा एक वेढा, एक-एक मीटर रुंदीच्या चार पट्ट्या, आणि सर्वांची सुरुवात फक्कीच्या एकाच रेषेवर. दूरदर्शनवर चारशे मीटरच्या शर्यतीत धावपटू एकापुढे एक पायरीने उभे असलेले दिसत. एकमेकांना धक्का लागू नये म्हणून तसे उभे करत असावेत, असे मी समजून चाललो होतो. आठवीतला एक मुलगा लागोपाठ दोन वर्षे चिठ्ठीत चौथी पट्टी निघाली म्हणून बाहेरून धावला आणि हातभर अंतराने तिसरा आला. तालुक्याला पहिले दोघेच जात. त्यानेही पट्टी लांब असल्याची तक्रार केली होती, आणि मी तीच म्हण त्याला ऐकवली होती. अंगण खरोखरच वाकडे होते. १८ मीटर ८४ सेंटिमीटरने.

त्याचे आता लोंढ्याला दुकान आहे. परवा मुद्दाम गेलो, हिशेबाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने चहा मागवला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "पंचवीस पावले, सर. मी तेव्हाच मोजली होती." मी म्हणालो, "मग सांगितले का नाहीस?" "सांगितले होते," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला. चहा गार होईपर्यंत मी बसून होतो.

घरी आता पाच फेऱ्यांनंतर खाचांची अदलाबदल करतात. धाकटी दर दोन शर्यतींत एक जिंकते, त्यामुळे थोरल्याला खेळात पूर्वीइतका रस उरलेला नाही. खरा उपाय इंग्रजी आठच्या आकड्याचा रस्ता; त्यात प्रत्येक खाच एका वेढ्यात आत, दुसऱ्यात बाहेर येते. पण मधे पूल हवा. खालून मोटार जाण्यासाठी सात सेंटिमीटर उंची, आणि मुकादमांचा आग्रह असा की चढ सदतिसास एकच ठेवायचा, या घाटात त्याहून तीव्र चढ चालणार नाही. त्या हिशेबाने नुसत्या चढालाच दोन मीटर एकोणसाठ लागतात आणि आमची फळी दोन मीटर चव्वेचाळीसची आहे. रबरी चाकांना एवढी सवलत नको, असे मी म्हणतो. ते ऐकत नाहीत. दिवाळीत मुले येतील, तोवर दुसरी फळी आणायची की मुकादमांची समजूत घालायची, हे ठरायचे आहे.