द्राक्षाची ती संस्कृती, मोहाची ती दारू?

गेल्या शुक्रवारी आमचं रिलीज एकदाचं लाईव्ह गेलं आणि टीम आमच्या घरी जमली. नाशिकच्या दोन बाटल्या, चीझ, क्रॅकर्स, ऑलिव्ह. एकाने ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं आणि "बेरीजचा वास येतोय, किंचित ओक" असं जाहीर केलं. (या गृहस्थाने आयुष्यात ओकचं झाड पाहिलेलं नाही. मीही नाही.) सगळ्यांनी माना डोलावल्या. एक ऑनसाईट रिटर्न म्हणाला, "वाईन ही दारू नाहीच रे. इट इज कल्चर."

आमच्या टीममधला एक जण मूळचा मोखाड्याचा. आदिवासी पाड्यातून आश्रमशाळा, मग इंजिनिअरिंग, मग आमच्यासारखंच क्युबिकल. तो पीत नाही, कोक घेऊन बसला होता. त्याच्याकडे वळून कुणीतरी हसत म्हणालं, "तुमच्या गावाकडे तर काय, सकाळीच सुरू होत असेल!"

तोही हसला. मग ग्लास घेऊन गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. आमच्या सोफ्यावरच्या भिंतीवर वारली चित्राची फ्रेम आहे. तिच्यात एक माणूस ताडाच्या झाडावर चढतोय, मडकं काढायला. त्या रात्री ती फ्रेम मला टोचायला लागली.

तर मंडळी, आजची पोस्ट भांडणाची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घरी, जेवणाबरोबर, वाईन प्यायला माझा काहीही विरोध नाही. मी पितो, मला आवडते. विरोध आहे तो दोन गोष्टींना. एक म्हणजे आपल्या जेवणाची लाज वाटून वाईनबरोबर उसनं जेवण मांडणं. दुसरी म्हणजे आपल्या ग्लासातल्याला संस्कृती आणि दुसऱ्याच्या मडक्यातल्याला व्यसन म्हणणं. मला विचाराल तर दोन्हीच्या मुळाशी बग एकच आहे.

पहिल्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी याच मित्राबरोबर मोखाड्याचा बोहाडा बघायला गेलो होतो. मुखवटे, संबळ, रात्रभर जागरण. आम्ही नाशिकहून त्र्यंबक, तोरंगण घाट असे आलो होतो, त्यामुळे डिकीत एक शेनिन ब्लांक होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या आईने नागलीची भाकरी, सुकटीची चटणी आणि उडदाचं वरण वाढलं. मी भीत भीत बाटली काढली. स्टीलच्या पेल्यात, विहिरीच्या पाण्यात बुडवून गार केलेली. आणि काय सांगू, आजवर खाल्लेल्या कुठल्याही चीझबरोबर तिची इतकी गट्टी जमली नव्हती!

त्यात जादू काही नाही, साधं लॉजिक आहे. वाईनमधला आंबटपणा तेलकट, खारट पदार्थाला कापतो. आपण सुक्या बोंबलावर लिंबू पिळतो, तेच काम. आपल्याकडची शेनिन बऱ्याचदा किंचित गोडसर असते आणि तेवढा गोडवा मिरचीला आवरतो. याउलट रेड वाईनमध्ये टॅनिन असतं. चहा फार उकळला की जिभेवर येतो ना, तोच तुरटपणा. तिखटाबरोबर तो आणखी बोचतो, आणि माशाबरोबर रेडमधल्या लोहामुळे तोंडात धातूची चव येते. म्हणून सुकटीबरोबर शिराझ नको. ती गावठी कोंबडीच्या रश्श्याबरोबर घ्या, मिरची जरा बेताने. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, काकड घालून त्यांची भाजी करतात, तिच्याबरोबर सॉव्हिन्यॉ ब्लांक घेऊन बघा. आणि ते 'रेड रूम टेंपरेचरला प्यावी' विसरा. ती रूम युरोपातली, सोळा-अठरा डिग्रीची. आपल्या मे महिन्यातल्या हॉलमध्ये ठेवलेली रेड म्हणजे कोमट काढा. अर्धा तास फ्रिजमध्ये टाका सरळ.

म्हणजे पेअरिंगचं शास्त्र आपल्या ताटापासून सुरू करता येतं. चार्ट डाऊनलोड करायची गरज नाही.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे खरं भांडण. त्या दुपारी अंगणात फुलं वाळत घातली होती. मोहाची. फाल्गुन-चैत्रात ती पहाटे गळतात, बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात. फुलात साखर भरपूर, त्यामुळे ती खातातही. भिजवून आंबवली आणि गाळली की दारू. लग्नात, देवाला, पितरांना ती लागते. माझी बाटली बघून मित्राच्या आईने विचारलं, "पोरा, हिला पोलीस नाय ना धरीत?"

मी हसलो. मग मित्राने परतीच्या वाटेवर सांगितलं. तो नववीत असताना, घरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, एका कॅनसाठी त्याच्या वडिलांना रात्रभर कोठडीत बसवलं होतं. लग्न लागलं तेव्हा ते मांडवात नव्हते.

हे आजचं नाही. १८७८ च्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात घरची भट्टी गुन्हा ठरत गेली. १८९२ मध्ये तर खास मोहफुलांसाठी कायदा आला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फूल घरात ठेवण्यावरच बंधनं आली. मोह वाईट म्हणून? छे! उरणच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये मोहाचीच दारू गाळली जात होती, सरकारला कर भरून. ज्याचं मडकं फोडलं, त्यालाच दुकानातून तीच दारू विकत घ्यायला लावायची. बिझनेस मॉडेल म्हणून थोरच.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही लागू आहे, म्हणजे कागदोपत्री आपण दारूबंदीच्याच राज्यात राहतो, परवान्याच्या अपवादाने पितो. मग २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला उत्पादन शुल्कात माफी दिली, वायनरी उभ्या राहिल्या. छान झालं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य थेट सत्ताधाऱ्यांकडून ऐकलं. विरोधामुळे तो निर्णय बारगळला, पण वाक्य आपल्या पार्ट्यांमध्ये राहिलं. आणि मोह? २०२१ मध्ये फुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठले. फूल सुटलं, भट्टी नाही. घाटाच्या वर द्राक्ष आंबवलं तर टेस्टिंग रूम, घाटाच्या खाली मोह आंबवला तर कोठडी. मधलं अंतर गाडीने दीड-दोन तासांचं.

हे सगळं मी तावातावाने मित्राला ऐकवलं. वाटलं, खूश होईल. तो म्हणाला, "तू मोहाची कविता करू नकोस. माझा काका दारूनेच गेला. आमच्या पाड्यातल्या बायकांनी भट्ट्या फोडल्यात, त्यांना मूर्ख समजू नकोस."

मी गप्प. त्याचं बरोबर होतं. जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने पोरं दगावली, त्या भागात मजुरीचे पैसे दारूत जाणं म्हणजे काय हे मला गॅलरीतून कळणार नाही. शिवाय मोह गाळलेला असतो, वाईनपेक्षा कडक. आणि गूळ-नवसागराची जी दारू हल्ली मोहाच्या नावावर खपते, ती तर वेगळंच विष.

पण मग पुढचा प्रश्न मी त्याला विचारला नाही, स्वतःलाच विचारला. दारू वाईट म्हणून बंदी असेल तर माझ्या बाटलीलाही हवी. त्यातही बारा-तेरा टक्के अल्कोहोलच आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंच की सुरक्षित असं प्रमाण नाही. आणि नीट बनवलेली, तपासलेली, मोजून प्यायलेली चालत असेल, तर ती सोय मोहालाही हवी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून परवानगी द्यायची घोषणा केली. छत्तीसगडात आदिवासींना घरापुरती गाळायची मुभा आहे. मग आपल्याकडेच काय अडलंय? परवाना द्या, तपासणी करा, लेबल लावा. आणि निर्णय घ्यायचा पाड्याने. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांचं नियमन करण्याचा, बंदी घालण्याचाही, अधिकार ग्रामसभेला दिलाय. तिथल्या बायका 'नको' म्हणाल्या तर नको. पण ते त्यांनी म्हणायचं, वाईनचा ग्लास फिरवत आपण नाही.

तोवर आपण आपल्यापुरतं एवढं करू शकतो. पिणार असाल तर जेवणाबरोबर प्या, थोडी प्या, दारूला दारू म्हणून प्या. आणि ग्लास हातात असताना दुसऱ्याच्या गावावर विनोद करू नका.

त्या शुक्रवारी मी गॅलरीत गेलो तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे रे, सवय आहे." मला ते 'सवय आहे' अजून पचलेलं नाही. त्याच्याबरोबर कुठली वाईन जाते, कुणाला माहीत असेल तर सांगा.

असो. चीझ उरलंय, कुणाला हवंय?