चर्च त्यांचे, कागदही त्यांचाच!

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, व्हाइट हाऊसपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एम स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर लाल विटांचे एक भव्य चर्च उभे आहे. मेट्रोपॉलिटन आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हे त्याचे नाव. काळ्या माणसांनी, काळ्या माणसांच्या पैशातून बांधलेले हे चर्च आहे. १२ डिसेंबर २०२० च्या रात्री 'प्राउड बॉइज' या अतिउजव्या संघटनेचे लोक या चर्चच्या आवारात घुसले आणि तेथे लावलेला 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर', म्हणजे काळ्यांच्या जिवालाही मोल आहे, हा फलक त्यांनी मोडून टाकला. त्याच रात्री त्याच शहरातल्या अ‍ॅसबरी युनायटेड मेथडिस्ट या दुसऱ्या काळ्या मंडळीचा फलक भर रस्त्यात जाळण्यात आला.

एक फलक तो काय, असे कोणी म्हणेल. दुसरा लावला की झाले! परंतु मेट्रोपॉलिटन चर्चच्या मंडळीने तसे म्हटले नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी दिवाणी दावा दाखल केला. प्रतिवादी कोर्टात फिरकलेच नाहीत. जून २०२३ मध्ये कोर्टाने चर्चला दहा लाख डॉलरहून अधिक नुकसानभरपाई मंजूर केली. ती रक्कम वसूल होईना, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टाने 'प्राउड बॉइज' हे नाव, म्हणजे त्या संघटनेचा ट्रेडमार्कच, चर्चच्या ताब्यात दिला. ज्यांनी फलक मोडला, त्यांना आता स्वतःच्या नावाचे टी-शर्ट विकायलाही त्या काळ्या मंडळीची परवानगी लागते!

आम्ही वकिली करतो. हुकूमनामा मिळणे वेगळे आणि दरखास्तीत तो वसूल होणे वेगळे, हे आम्हाला रोज दिसते. हुकूमनाम्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले, पण हाती छदाम न पडलेले पक्षकार आम्ही पाहिले आहेत. म्हणून या निकालाचे आम्हाला कौतुक वाटले. पण कौतुक करून थांबणे आम्हाला परवडणारे नाही. एका प्रार्थनास्थळाच्या मंडळीला हे बळ आले कोठून? ते एका रात्रीत आलेले नाही. त्यामागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात प्रार्थनेइतकेच महत्त्व कागदाला आहे. चळवळीच्या वाचकांनी तो समजून घ्यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

मेथडिस्ट पंथ इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या प्रेरणेने उभा राहिला. वेस्ली गुलामगिरीचे विरोधक होते. अमेरिकेतील मेथडिस्टांनीही सुरुवातीला गुलामगिरीविरुद्ध भूमिका घेतली. त्यामुळे हजारो काळे लोक या पंथाकडे ओढले गेले. फिलाडेल्फिया शहरातील सेंट जॉर्ज चर्चमध्ये रिचर्ड अ‍ॅलन नावाचा तरुण उपदेशक होता. जन्माने गुलाम, स्वतःच्या कष्टाच्या पैशाने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेला. त्याच्या प्रवचनांमुळे काळ्यांची गर्दी वाढू लागली, आणि गर्दी वाढताच गोऱ्यांना समतेचा विसर पडला. काळ्यांनी वर गॅलरीत बसावे, असा हुकूम निघाला. एके रविवारी अ‍ॅब्सलम जोन्स हे काळे उपासक गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. जागा चुकली म्हणून त्यांना प्रार्थना चालू असतानाच ओढून उठवण्यात आले. अ‍ॅलन यांच्या आत्मकथनात ही घटना १७८७ सालची आहे. काही इतिहासकार ती १७९२ ची मानतात. साल कोणतेही असो, त्या दिवशी सारे काळे उपासक उठले आणि एकत्र बाहेर पडले. ज्या चर्चच्या दुरुस्तीसाठी त्यांनी पैसे दिले होते, घाम गाळला होता, त्याच चर्चमधून!

काळारामाच्या दारातून परतलेल्या आणि १९३५ साली येवल्याची घोषणा ऐकलेल्या समाजाला या प्रसंगाचा अर्थ सांगावा लागत नाही. देव एक, पण बसण्याची जागा वेगळी. आम्ही हे पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

अ‍ॅलन यांनी पुढे काय केले, ते अधिक महत्त्वाचे आहे. सिक्स्थ स्ट्रीटवर त्यांनी स्वतःच्या पैशाने जागा घेतली. लोहाराचे एक जुने दुकान विकत घेतले आणि ते घोडे जुंपून त्या जागेवर ओढत आणले. त्याची डागडुजी केली, आणि १७९४ साली तेथे 'बेथेल' चर्च सुरू झाले. ऐरणीच्या जागी प्रवचनपीठ! आज त्याला आदराने 'मदर बेथेल' म्हणतात. पुढे १८०५ मध्ये दुसरी इमारत झाली, १८४१ मध्ये तिसरी, आणि आजची चौथी इमारत १८९० च्या सुमारास पूर्ण झाली. इमारत चार वेळा बदलली, जागा बदलली नाही. अ‍ॅलन यांची समाधीही तेथेच आहे.

मात्र जागा टिकली ती आपोआप नव्हे. १७९६ मध्ये या मंडळीची कायदेशीर नोंदणी झाली. नोंदणीचे कागद तयार करून देण्याची जबाबदारी एका गोऱ्या धर्माधिकाऱ्याने उदारपणे स्वतःकडे घेतली. काळ्या विश्वस्तांनी विश्वासाने सह्या केल्या. काही वर्षांनी उघड झाले की त्या कागदाप्रमाणे चर्चची मिळकत गोऱ्यांच्या ताब्यातील पंथाच्या परिषदेकडे गेली होती! विटा काळ्यांच्या, वर्गणी काळ्यांची, किल्लीही काळ्यांच्या खिशात. पण कागदावर मालक दुसराच. पेन दुसऱ्याच्या हाती दिले की असे होते.

अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी रडत बसले नाहीत. त्यांनी वकिलाचा सल्ला घेतला. मंडळीच्या दोन-तृतीयांश सभासदांच्या संमतीने नोंदणीचा कागद दुरुस्त करता येतो, हे त्यांना कळले. १८०७ मध्ये त्यांनी सभासद जमवून 'आफ्रिकन सप्लिमेंट' नावाची दुरुस्ती केली आणि मिळकतीचा व प्रवचनपीठाचा अधिकार मंडळीकडे आणला. आमच्या भाषेत ही त्या चर्चची घटनादुरुस्तीच होती.

तरी त्रास संपला नाही. १८१५ मध्ये इमारत लिलावात काढण्यात आली. अ‍ॅलन यांना स्वतः उभारलेले चर्च १०,१२५ डॉलरची बोली लावून पुन्हा विकत घ्यावे लागले. एक गोरा धर्माधिकारी जबरदस्तीने प्रवचनाला आला, तेव्हा मंडळीने वाटेत दाटीवाटीने उभे राहून त्याला प्रवचनपीठापर्यंत पोहोचूच दिले नाही. तो पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याने परमादेशाची, म्हणजे मॅन्डॅमसची मागणी केली. जानेवारी १८१६ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ही मंडळी स्वतःची मालक आहे, हे कायद्याने मान्य झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८१६ मध्ये, आसपासच्या काळ्या मंडळ्यांनी एकत्र येऊन आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन केला. अ‍ॅलन त्याचे पहिले बिशप झाले. क्रम लक्षात घ्या. आधी जागा, मग कागद, मग निकाल आणि त्यानंतर देशव्यापी संघटना!

स्वतःचे छप्पर असले की माणूस स्वतःचा विचार करू लागतो. मुक्त काळ्यांना आफ्रिकेत पाठवून द्यावे, अशी योजना गोऱ्या पुढाऱ्यांनी काढली. जानेवारी १८१७ मध्ये सुमारे तीन हजार काळे लोक बेथेल चर्चमध्ये जमले आणि त्यांनी ती योजना धुडकावली. या देशात आम्ही घाम गाळला आहे, आम्ही जाणार नाही, अशी ती भूमिका होती. १८३० मध्ये काळ्यांचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन याच छपराखाली भरले. गोऱ्यांच्या चर्चच्या गॅलरीत बसून हे ठराव झाले असते का?

वॉशिंग्टनचे मेट्रोपॉलिटन चर्च याच परंपरेचे अपत्य. १८३८ मध्ये 'युनियन बेथेल' या नावाने या मंडळीला मान्यता मिळाली, तेव्हा त्या शहरात माणसांचा बाजार भरत होता. तेथील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६२ मध्ये. आजची भव्य इमारत १८८६ मध्ये खुली झाली आणि तिच्यासाठी देशभरातील ए.एम.ई. मंडळ्यांनी वर्गणी दिली. गुलामगिरीतून सुटून जेमतेम वीस-बावीस वर्षे झालेल्या माणसांनी देशाच्या राजधानीत हे चर्च उभे केले! १८९४ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांनी काळ्यांना झुंडीने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध आपले शेवटचे मोठे भाषण याच वास्तूत केले. पुढच्याच वर्षी त्यांचा अंत्यविधी येथे झाला. २००५ मध्ये रोझा पार्क्स यांच्या निधनानंतर येथेच स्मृतिसभा झाली. अशा वास्तूवरचा फलक मोडणारे काय मोडायला आले होते, हे आता वाचकांच्या लक्षात येईल.

या संघटनेचा तेव्हाचा म्होरक्या एन्रिके टारिओ याला अ‍ॅसबरीचा फलक जाळल्याप्रकरणी व दुसऱ्या एका गुन्ह्यात २०२१ मध्ये पाच महिन्यांची कैद झाली. ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरील हल्ल्याच्या कटाबद्दल त्याला २०२३ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली. आणि २० जानेवारी २०२५ रोजी, सत्तेवर येताच त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली! त्यानंतर दोनच आठवड्यांत ट्रेडमार्कचा तो आदेश झाला. राष्ट्राध्यक्षाची माफी फौजदारी शिक्षा पुसते. एका मंडळीने दिवाणी कोर्टातून मिळवलेला हुकूमनामा ती पुसू शकत नाही. सत्ता बदलली तरी जे टिकते, ते आपल्या नावावरचे असते.

हा दावा दाखल कोणी केला? चर्चने. म्हणजे नोंदणीकृत, स्वतःच्या नावाने मिळकत असलेल्या, दावा लावू शकणाऱ्या संस्थेने. ती इमारत दुसऱ्याच्या नावावर असती, विश्वस्तांची भांडणे चालू असती, तर वादी म्हणून उभे कोण राहिले असते?

केवळ कागदाने जीव वाचत नाही, हेही खरे. याच पंथाच्या चार्ल्सटन येथील इमॅन्युएल चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने गोळ्या घातल्या. कागद बंदूक अडवत नाही. पण हल्ल्यानंतर पुन्हा कोठे जमायचे, याचे उत्तर मंडळीजवळ असते. हे थोडे नव्हे.

बाबासाहेबांना या संघर्षाची जाण होती. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दुसऱ्याच्या लढ्यातून कागद कसा तयार करतात, हे शिकण्याची ती दृष्टी होती. आज आम्ही ती ठेवली आहे काय?

बोधगयेचे उदाहरण घ्या. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू नेमले, आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी तेथे आंदोलन सुरू केले, ते याच कायद्याविरुद्ध. विहार बुद्धाचा, पण कागद दुसऱ्याने लिहिलेला. बेथेलच्या १७९६ च्या कागदाचीच ही जात! तो लढा प्रत्येक बौद्धाचा आहे.

पण सगळा दोष बाहेरच्यांचा नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस जमीनदोस्त झाले. ज्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना बाबासाहेबांनी केली, त्याच ट्रस्टचे खरे विश्वस्त कोण आणि पाडण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद त्यानंतर रस्त्यावर आणि कोर्टात गाजला. लाखोंचा मोर्चा निघाला. मोर्चा निघालाच पाहिजे होता. परंतु वास्तू पडण्याआधी ट्रस्टच्या दप्तरात काय लिहिले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले होते?

आमच्याकडे विहारांची प्रकरणे येतात तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारतो : जागा कोणाच्या नावावर? उत्तर बहुधा असे असते, साहेब, जागा समाजाची आहे, सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत असणे हा कोर्टात पुरावा नव्हे. कोठे सातबारावर दान देणाऱ्याचेच नाव, आणि आता त्याचे नातू वाटणी मागतात. कोठे जागा ग्रामपंचायतीची, ठराव तोंडी. कोठे ट्रस्ट नोंदवलेला, पण विश्वस्त वारले तरी नवीन नावे चढवलेली नाहीत. बदल झाल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हे अनेक कमिट्यांना ठाऊकच नसते. मग रस्ता रुंदीकरण येते, बिल्डर येतो, आणि आम्ही निवेदन घेऊन तहसीलदाराच्या दारात उभे राहतो.

समाजबांधवांनो, येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. विहाराचे कपाट उघडायला सांगा. नोंदणीचे प्रमाणपत्र, नियमावली, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, विश्वस्तांची आजची यादी, एवढे चार कागद सर्वांसमोर वाचा. त्यात महिलांची नावे आहेत का, तेही पाहा; कारण विहार झाडून-पुसून चालवतात त्या, आणि कागदावर सह्या असतात पुरुषांच्या. कागद नसतील तर करा. चुकीचे असतील तर दुरुस्त करा. भांडण असेल तर विहारात बसून मिटवा, बिल्डरच्या ऑफिसात नव्हे.

लोहाराच्या मोडक्या दुकानापासून सुरुवात केलेल्या माणसांनी हे दोनशे वर्षांपूर्वी केले. आमच्याजवळ तर राज्यघटना लिहिणाऱ्या बॅरिस्टरचा वारसा आहे.