इंजिन शेवटी बदला

परवा ऑफिसात आमच्या टीममधल्या एका पोराने (वय वर्षे २६, पगार विचारू नका) मोबाईलवर फोटो दाखवला. जुनी सीजे-३बी जीप. साताऱ्याकडे कुठल्याशा गोठ्यात सापडली म्हणे. रंग उडालेला, वर टप नाही, मागच्या सीटवर दोन कोंबड्या. "आता हिच्यात थारचं सीआरडीई इंजिन आणि पाच गियरचा बॉक्स टाकायचा. मिस्त्रीपण बघून ठेवलाय!"

मी विचारलं, "ब्रेकचं काय करणारेस?"

लग्नाच्या मांडवात घटस्फोटाच्या वकिलाचा नंबर मागावा, तसा तो माझ्याकडे बघायला लागला.

तर मंडळी, या शनिवारचा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या जीपमध्ये नवं इंजिन टाकायला माझा विरोध नाही. पण ते सगळ्यात शेवटी टाकायचं असतं, आणि आपल्याकडे सगळे ते सगळ्यात आधी टाकतात. मीसुद्धा तेच केलं होतं. त्याचं बिल माझ्या मामीच्या मनगटाने भरलं.

आमच्या मामाची जीप हीच, सीजे-३बी. वाईजवळ त्याची शेती आहे. आम्ही लहानपणी सुट्टीत गेलो की एसटी स्टँडवर घ्यायला मामा आणि जीप दोघंही यायचे. हिचं बॉनेट इतर जुन्या जीपपेक्षा उंच दिसतं, त्याचं कारण आतलं हरिकेन इंजिन. पेट्रोलवर चालणारं, २.२ लिटर, चार सिलिंडर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये आणि इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये अशी त्याची विचित्र रचना, म्हणून इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच. कागदावर सुमारे ७५ हॉर्सपॉवर. त्यामागे तीन गियरचा टी-९० बॉक्स आणि त्याला चिकटून ट्रान्सफर केस.

२०१० च्या आसपास त्या इंजिनाला दम लागायला लागला. तेल प्यायचं, पेट्रोल तर ढोसायचंच. मामा म्हणाला विकून टाकू. तेव्हा मी पुण्यात नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती, हातात थोडा पैसा होता आणि डोक्यात बरीच हवा होती. मी म्हटलं, "मामा, विकायची नाही. बोलेरोचं डीआय डिझेल इंजिन टाकू, त्याच्याच पाच गियरच्या बॉक्ससकट." वर एक्सेल शीट करून दाखवली. मायलेज, डिझेलचा दर, तीन वर्षांत खर्च वसूल वगैरे वगैरे. मामा शेतकरी माणूस, पण भाच्याच्या लॅपटॉपवर त्याचा विश्वास.

ही काही जगावेगळी कल्पना नव्हती. पेट्रोल महाग, म्हणून जुन्या जीपमध्ये आणि अँबॅसडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचा उद्योग आपल्याकडे कितीतरी वर्षं चालला. अमेरिकेत तर खुद्द जीप बनवणाऱ्या कैसर कंपनीने १९६५ साली सीजे-५ मध्ये ब्युइकचं व्ही-६ इंजिन घातलं. ७५ हॉर्सपॉवरच्या जागी थेट १६०! तेव्हा 'जीपचा आत्मा बिघडतो' वगैरे म्हणणाऱ्यांकडे मी फारसं लक्ष देत नाही. जीपला आत्मा नसतो, ब्रेक असतात. किंवा नसतात.

आता गंमत बघा. जे 'नवं' इंजिन आम्ही टाकलं त्याची ताकद ६३ हॉर्सपॉवर, म्हणजे जुन्यापेक्षा कमीच. पण टॉर्क जास्त, १५५ न्यूटन-मीटरच्या जागी साधारण १८०, आणि तोही अगदी खालच्या आरपीएमला. शिवाय बॉक्सचा पहिला गियर जुन्यापेक्षा बराच छोटा. टी-९० चा पहिला २.८, नव्याचा ३.९ धरू. त्याला ट्रान्सफर केसच्या लो रेंजने आणि मागच्या ५.३८ च्या डिफरन्शियलने गुणा. हरिकेनच्या वेळी चाकांकडे जास्तीत जास्त पावणेसहा हजार न्यूटन-मीटर जायचे, आता नऊ हजारांवर जायला लागले. दीडपट! ॲक्सल मात्र तेच, क्रॉस तेच, ट्रान्सफर केस तीच. माझ्या एक्सेल शीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

बसवतानाचे उपद्व्याप सांगायचे तर वेगळा लेख होईल. नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब आणि जीपचा व्हीलबेस अवघा ८० इंच, त्यामुळे ट्रान्सफर केस मागे सरकली आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट इतका आखूड झाला की क्रॉसचा कोन बघून भीती वाटावी. इंजिनच्या वजनाने पुढचे पाटे बसले. क्लच जुना रॉडवर चालणारा, नवा हायड्रॉलिक. वायपर बंद पडले, कारण ते पेट्रोल इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचे आणि डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तसा व्हॅक्यूम तयारच होत नाही. (त्यासाठी अल्टरनेटरच्या मागे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बोलेरोमध्ये तो ब्रेक बूस्टरला जोडलेला असतो. आमच्या जीपला बूस्टरच नव्हता. मिस्त्रीने पंपाच्या नळीला एक बोल्ट ठोकून ती बंद करून टाकली. हा बोल्ट लक्षात ठेवा.)

एवढं करून जीप धावायला लागली आणि खरं सांगतो, काय मजा आली! जो चढ हरिकेन दुसऱ्या गियरमध्ये धापा टाकत चढायचं, तो ही चौथ्यात गुणगुणत चढायची. मामा खूष. आधी तीन माणसं बसायची, आता पाच बसायला लागली, वर पोतीसुद्धा.

मे २०१२. पाचगणीहून वाईला, पसरणी घाटाने खाली. मामेभाऊ चालवत होता, मी शेजारी, मागे मामा, मामी आणि माझी बायको. अर्धा घाट उतरल्यावर भाऊ म्हणाला, "पेडल मऊ लागतंय रे." पुढच्या वळणावर म्हणाला, "लागतच नाहीये." त्याने प्रसंगावधान राखून जीप डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. उभी असलेली एक मोटारसायकल चेपली, मामीचं मनगट मोडलं. बाकी सगळे शाबूत. दरी दुसऱ्या बाजूला होती, एवढंच म्हणतो.

नंतर कितीतरी दिवस मी त्या घाटाचं गणित करत बसलो. सवयच ती. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत साडेपाचशे-सहाशे मीटरचा फरक. माणसं, सामान धरून जीप दीड टनाची. ती खाली आणताना जवळजवळ ८० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे वीस-पंचवीस लिटर साधं पाणी उकळीला आणण्याइतकी. ती जिरवणार कोण? थोडी हवा, थोडे टायर, बाकी इंजिन आणि ब्रेक. ब्रेक म्हणजे ९ इंची चार ड्रम आणि सगळ्या चाकांना मिळून एकच सर्किट, १९५० च्या दशकातल्या डिझाइनचं.

आता खरा मुद्दा. ड्रायव्हिंग शिकवताना मामाने आम्हाला एक नियम दिला होता, जो घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतो : ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर. भावाने तो नियम तंतोतंत पाळला होता. जाताना चौथ्यात चढला होता, येताना चौथ्यात उतरत होता. पण हा नियम जुन्या इंजिनासाठी होता! हरिकेन ताशी ३० च्या वेगाला दुसऱ्या गियरमध्ये १८५० आरपीएमवर फिरायचं, आणि ॲक्सिलरेटर सोडला की बंद थ्रॉटलमागे हवा ओढण्याच्या धडपडीत गाडीला चांगलं मागे धरायचं. नवं इंजिन त्याच वेगाला चौथ्यात जेमतेम १२०० वर. त्यात डिझेलला थ्रॉटलची झडपच नाही, हवा मोकळी आत येते, त्यामुळे तसंही ते कमी धरतं. म्हणजे चढताना जी ताकद आम्ही वाढवली, तिनेच उतरतानाची धरण काढून घेतली. इंजिनचं काम ब्रेकवर पडलं, तेही दोन जास्तीच्या माणसांसकट. ड्रम तापले, लायनर करपले, पेडल खाली गेलं.

आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीतच आहे. एक मोड्यूल बदलतो, सगळ्या टेस्ट हिरव्या येतात, आणि त्या मोड्यूलच्या ज्या वागण्यावर बाकीची सिस्टिम न बोलता टेकलेली होती, ते कुठेच लिहिलेलं नसतं. फक्त आमच्याकडे सर्व्हर पडतो.

मिस्त्रीला मी दोष देत नाही. त्याला मी इंजिन बसवायला सांगितलं, त्याने बसवलं. ब्रेक बघ असं मी म्हटलंच नव्हतं. तो बोल्ट काढून तिथे बूस्टर लावला असता तर ड्रम थंड झाले नसते हे खरं, पण निदान कुणीतरी ब्रेककडे बघितलं असतं.

दुसरा धक्का कागदांचा. आरसी बुकात इंधन पेट्रोल, इंजिन नंबर हरिकेनचा, आणि बॉनेटखाली भलतंच. इन्शुरन्सकडे जायची आमची हिंमतच झाली नाही. मोटारसायकलवाल्याला मामाने रोख पैसे दिले. घाटात ती मोटारसायकल रिकामी होती म्हणून निभावलं. तिच्यावर माणूस असता तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि हे २००० सालच्या दुरुस्तीपासून आहे. मंजूर किट लावून सीएनजीसारख्या इंधनावर जाणं वेगळं. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे आणखी स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. "सगळेच करतात, आरटीओत ओळख आहे" हे मिस्त्रीचं वाक्य मीही ऐकलं होतं. ओळख घाटात उपयोगी पडत नाही.

मला हा कायदा सरसकट पटतो असं नाही. जर्मनीत मोठा बदल केला की तज्ज्ञ तपासतो, ब्रेक बघतो, कागदावर नोंद होते आणि गाडी राजरोस चालते. आपल्याकडे असा सरळ रस्ताच नाही, म्हणून सगळं चोरून होतं, आणि चोरून होतं म्हणून ब्रेक तपासायला कुणीच नसतं. यावर हौशी मंडळींनी बोंब मारायला हवी. पण तोवर रस्त्यावर उतरायचं तर मूळ जातीचंच इंजिन नीट बांधून घेणं हा एकच शहाणा मार्ग मला दिसतो. हरिकेन बोअर करून, नवे पिस्टन घालून मस्त चालतं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि सीआरडीईबद्दल त्या पोराला वेगळं सांगतो. १०५ हॉर्सपॉवर, २४७ न्यूटन-मीटर. वरचं चाकांचं गणित पुन्हा करून बघ. शिवाय ते इंजिन एकटं येत नाही, त्याच्याबरोबर ईसीयू, सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझर आणि हातभर जाडीची वायरिंग येते. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्याने लिहिलेला कोड डीबग करून पोट भरलं नसेल, तर शनिवारीही कर बापडा. पण खासगी जागेतल्या ट्रॅकपुरती गाडी करायची असली तरी आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग ॲक्सल, मग रेडिएटर, आणि पैसे उरले तर इंजिन. बहुतेक उरत नाहीत. :)

आमची जीप गेली काही वर्षं शेताच्या बाहेर पडलेली नाही. नोंदणी संपली, डिझेल इंजिन घेऊन पुन्हा पासिंगला नेणार कशी? मामा आता ७६ चा. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "लेका, एकदा एसटी स्टँडपर्यंत तरी नेऊन आण मला तिच्यातनं." मामी मागून काहीतरी बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून शोधाशोध केली. जुनं हरिकेन तेव्हा मिस्त्रीने मजुरीत धरून ठेवून घेतलं होतं. मिस्त्री आता नाही, मुलगा गॅरेज चालवतो. तो म्हणाला, मागे ताडपत्रीखाली दोन-तीन जुने ब्लॉक पडलेत, नंबर बघितले नाहीत. येत्या रविवारी जाणार आहे. तारेचा ब्रश, टॉर्च आणि आरसीची झेरॉक्स पिशवीत टाकून ठेवलीये. दिवाळीत दोन सर्किटवाला मास्टर सिलिंडर आणि नवे लायनर आधीच बसवून झालेत.